‘रन’ या इंग्रजी शब्दाचे ६४५ अर्थ आले कुठून?

इंग्रजीत कुत्रा ‘रन’ करतो आणि नळही ‘रन’ करतो. नदी, नाक, यंत्र, बस, भाडेकरार, खानावळीचा मालक आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ही सगळी मंडळी याच एका क्रियापदावर काम भागवतात, आणि त्यांच्यापैकी खरोखर पायांनी धावणारा असतो तो फक्त कुत्रा. शाळेत आपण ‘रन म्हणजे धावणे’ असे पाठ केलेले असते. पुढे वर्तमानपत्रात किंवा कार्यालयातल्या पत्रव्यवहारात हा शब्द भेटतो तेव्हा दहांतल्या सात-आठ ठिकाणी हे पाठांतर उपयोगी पडत नाही. मग विद्यार्थी प्रत्येक वापर वेगळा पाठ करू लागतो आणि थकतो. या अर्थांमागची व्यवस्था कळली, तर बरेचसे पाठांतर वाचते.

आधी आकड्याविषयी. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी या विख्यात कोशाची कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली मांडली गेली, पहिली आवृत्ती पूर्ण व्हायला १९२८ साल उजाडले, आणि १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती २० खंडांत प्रसिद्ध झाली. त्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद होती ‘सेट’ या शब्दाची: ४३० अर्थ आणि त्यांच्या स्पष्टीकरणासाठी सुमारे ६०,००० शब्द. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी तपासून नव्याने लिहिण्याचे काम सुरू झाले, तेव्हा ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकले. ही एक नोंद तयार करण्यासाठी पीटर गिलिव्हर या कोशकाराला नऊ महिने लागले, आणि नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. नाम म्हणून होणारे वापर यात धरलेले नाहीत.

मात्र हा आकडा म्हणजे निसर्गात सापडलेली मोजदाद नव्हे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात तयार झालेला ‘वर्डनेट’ हा संगणकीय कोश याच क्रियापदाचे चाळीसच्या आसपास अर्थ देतो. दोघांपैकी कोणीही चुकलेले नाही. दोघांची कामे वेगळी आहेत. ऑक्सफर्डचा कोश ऐतिहासिक आहे. प्रत्येक अर्थ लिखाणात प्रथम कधी दिसला आणि पुढे कसा बदलला, हे त्याला नोंदवायचे असते. म्हणून नदीचे वाहणे, अश्रूंचे ओघळणे आणि कापडाचा रंग पाण्यात पसरणे यांना तो वेगवेगळ्या घरांत बसवतो. इतिहासात ज्याला रस नाही असा कोश या तिघांना ‘द्रव पदार्थ वाहणे’ या एकाच घरात घालून मोकळा होतो. तेव्हा ‘या शब्दाचे नेमके किती अर्थ?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि ६४५ हा आकडा कोणी फेकला तर त्याने दडपून जाण्याचे कारण नाही. माझ्या मते या आकड्यापेक्षा अधिक विचार करण्याजोगी गोष्ट ही की इतके अर्थ एका शब्दात कोंबूनही इंग्रजी बोलणाऱ्यांचा बोलताना गोंधळ होत नाही.

इथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो. मराठीत ‘नाव’ म्हणजे व्यक्तीचे नाव आणि ‘नाव’ म्हणजे होडी. पहिला शब्द ‘नाम’वरून आला, दुसरा ‘नौ’वरून, दोन वेगळी माणसे योगायोगाने एकाच नावाची असावीत, तसा हा प्रकार आहे. इंग्रजीतला ‘बँक’ हा शब्द आज असाच वाटतो, जरी फार मागे दोन्हींचे मूळ एकच आहे: पैशांची बँक इटालियन भाषेतल्या सराफाच्या बाकावरून आली, आणि नदीकाठ या अर्थाचा ‘बँक’ उत्तर युरोपातल्या जुन्या भाषांतून आला. ‘रन’चे तसे नाही. त्याचे बहुतेक सगळे अर्थ एकाच मुळातून फुटले आहेत. एका शब्दाला असे परस्परांशी नाते असलेले अनेक अर्थ असणे, या गुणाला मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १८९७ साली एक पारिभाषिक नाव दिले. मराठीत आपण त्याला अनेकार्थता म्हणतो.

आता हे फुटणे कसे घडते ते पाहू. मुळाशी एक चित्र आहे: एखादी गोष्ट न अडखळता, सलग, बऱ्यापैकी वेगाने पुढे सरकते आहे. प्राणी पायांनी असे सरकतात, तो झाला पहिला अर्थ. पाण्याला पाय नसतात, पण सलग पुढे जाणे असते. म्हणून नदी, नळ आणि सर्दी झालेले नाक यांनाही हे क्रियापद लागू झाले, आणि हा वापरही फार जुना आहे. इथून फाटे निघू लागतात. ठरलेल्या मार्गावरून ये-जा करणारी गाडी ‘रन’ करते, मग ती मुंगीच्या गतीने का जाईना; कारण आता वेग गळून पडला आणि नियमितपणा उरला. पवनचक्की, कापडगिरणी, मोटारीचे इंजिन ही जागची हलत नाहीत, पण त्यांचे भाग सलग फिरतात. म्हणून यंत्रे ‘रन’ करू लागली, आणि इथे तर पुढे सरकणेही गळून पडले. संगणक आला तेव्हा त्यातल्या आज्ञावलीला फिरणारे चाकही नव्हते. तरी काम सुरू राहण्याची कल्पना होती, आणि तेवढ्यावर प्रोग्रॅमदेखील ‘रन’ होऊ लागला. प्रत्येक पायरीवर मूळ चित्रातला एखादा तपशील सुटतो आणि उरलेल्या तपशिलांवर नवा अर्थ उभा राहतो. कुत्रा आणि संगणकाची आज्ञावली शेजारी ठेवली तर नाते दिसत नाही. मधल्या पायऱ्या दाखवल्या की दिसते.

यात एक फाटा जरा विचित्र आहे. इंग्रजीत रस्ता नदीच्या काठाने ‘रन’ करतो, कुंपण शेताच्या कडेने ‘रन’ करते, भिंतीला गेलेला तडा छतापासून जमिनीपर्यंत ‘रन’ करतो. यांतले काहीही हलत नाही. हलते ती पाहणाऱ्याची नजर. नजर रस्त्यावरून पुढे जाते आणि आपण त्या गतीचे श्रेय रस्त्याला देऊन टाकतो. लिओनार्ड टॅल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने या प्रकाराचा बारकाईने अभ्यास केला आणि त्याला काल्पनिक गती असे नाव दिले. मराठी माणसाला हे परके वाटू नये. ‘हा रस्ता थेट देवळाकडे जातो’ असे आपण म्हणतो आणि त्यात कोणालाही काही खटकत नाही. फरक इतकाच की आपला रस्ता ‘जातो’, त्यांचा धावतो.

जागेची लांबी हलवता आली तशी काळाची लांबीही हलवता येते. नाटक तीन वर्षे ‘रन’ झाले, भाडेकरार मार्चपर्यंत ‘रन’ होतो, सभा वेळेच्या पुढे ‘रन’ झाली. पिढ्यांची साखळी ही आणखी एक लांबी. त्यामुळे टक्कल किंवा मधुमेह एखाद्या घराण्यात ‘रन’ करतो. मराठीत आपण ‘घराण्यात चालत आलेले’ म्हणतो, तेव्हा याच वाटेने जात असतो.

या ठिकाणी ‘चालणे’ या आपल्या क्रियापदाकडे नीट पाहायला हवे, कारण ‘रन’ समजून घेण्याची किल्ली धावण्यापेक्षा त्याच्याकडे अधिक आहे. घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, नाटक चालते, श्वास चालतो, पेन चालत नाही, फाटलेली नोट चालत नाही. इंग्रजीत जे धावते ते मराठीत बहुधा चालते. पायांच्या हालचालीपासून ‘सुरू असणे’ इथवरचा प्रवास दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे केला. त्यांनी धावण्यापासून सुरुवात केली, आपण चालण्यापासून. पण पुढे वाटा वेगळ्या झाल्या. ‘चहा चालेल का?’, ‘उद्या आलात तरी चालेल’ किंवा कोल्हापूरकडचे ‘चालतंय की’ यांतला संमतीचा अर्थ ‘रन’ला कधी फुटला नाही. उलट, बातमी छापणे, चोरटी शस्त्रे सरहद्दीपार नेणे, अंगात ताप असणे, धोका पत्करणे हे अर्थ ‘रन’कडे आहेत आणि ‘चालणे’कडे नाहीत. अर्थ कोणत्या दिशेने फुटू शकतो याचा अंदाज बांधता येतो. तो फुटेलच असे मात्र सांगता येत नाही.

अर्थांची संख्या फुगण्यामागे इंग्रजी व्याकरणाचाही मोठा हात आहे. मराठीत दुकान ‘चालते’ आणि मालक ते ‘चालवतो’. आपोआप होणारी क्रिया आणि कोणीतरी घडवून आणलेली क्रिया यांची रूपे आपण वेगळी ठेवतो. जुन्या इंग्रजीतही अशी दोन वेगळी क्रियापदे होती: स्वतः धावणे यासाठी ‘रिनन’ आणि घोड्याला दौडवणे यासारख्या अर्थाने ‘ॲर्नन’. कालांतराने, स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतल्या तशाच शब्दांची भर पडून, ही रूपे एकमेकांत मिसळली आणि एकच ‘रन’ उरला. परिणामी आज घोडा ‘रन’ करतो आणि माणूस घोड्याला ‘रन’ करतो. हॉटेल, शाळा, प्रयोग, मोहीम, देशाचा कारभार, सारे काही माणूस ‘रन’ करतो. मराठीत जे दोन शब्दांत वाटले गेले असते, ते तिथे एकाच खात्यावर चढले. त्याशिवाय इंग्रजीत क्रियापदाला कोणताही प्रत्यय न लावता त्याचे नाम करता येते, आणि ‘आउट’, ‘ओव्हर’, ‘इनटू’, ‘डाउन’ असे एखादे छोटे अव्यय जोडले की नवाच अर्थ निघतो. ‘रन इनटू’ म्हणजे अचानक गाठ पडणे, आणि खर्चाबद्दल बोलत असाल तर लाखांच्या घरात जाणे. ‘रन ओव्हर’ म्हणजे वाहनाखाली चिरडणे, भांड्यातून उतू जाणे, किंवा जाण्यापूर्वी कागदावर एकवार नजर टाकणे.

आणखी एक कारण अगदी साधे आहे. जॉर्ज किंग्जली झिफ या अमेरिकी अभ्यासकाने १९४५ साली दाखवून दिले की जो शब्द जितका अधिक वापरात, तितके त्याचे अर्थ अधिक असतात. लहान, रोजच्या, जुन्या शब्दांवर नव्या कामांचा बोजा पडत जातो. अवघड आणि दुर्मीळ शब्द एका अर्थावर सुखाने जगतात. मराठीत हा मान बहुधा ‘लागणे’ या क्रियापदाकडे जाईल. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, फोन लागतो, आंबा गोड लागतो, वेळ लागतो, मुलगा रडायला लागतो, आणि तो तुमचा कोण लागतो असेही आपण विचारतो. मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाला विचारा, म्हणजे ‘रन’बद्दलची आपली तक्रार किती एकतर्फी आहे ते कळेल.

नामाच्या रूपात ‘रन’ने जे केले ते वेगळ्याच कारणाने पाहण्यासारखे आहे. क्रिकेटमधला रन घ्या. फलंदाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत जातो, म्हणून ती धाव. पण धावांची मोजणी सुरू झाली की ‘रन’ हे गुणांचे एकक बनते. चेंडू सीमेपार गेला की कोणीही न धावता चार किंवा सहा रन मिळतात, आणि गोलंदाजाने वाइड टाकला तर फलंदाजाने बॅटही न हलवता एक. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये धावसंख्या काठीवर खाचा पाडून मोजत, आणि त्यामुळे धावेला खाच या अर्थाचाच शब्द रूढ होता. तो पुढे मागे पडला.

बँकेच्या ‘रन’चीही कथा अशीच. बँक बुडणार अशी कुजबुज झाली की ठेवीदार पैसे काढायला अक्षरशः धाव घेत. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत याला बँकेवरचा ‘रन’ म्हणतात. ९ मार्च २०२३ या एका दिवसात अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याच्या मागण्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी नियामकांनी ती बँक ताब्यात घेतली. यातले बहुतेक व्यवहार संगणकावरून आणि फोनवरून झाले. कोणी धावले नाही, तरी शब्द तोच राहिला. एकदा अर्थ पक्का झाला की ज्या दृश्यातून तो निघाला ते दृश्य नाहीसे झाले तरी त्याचे काही बिघडत नाही.

जाता जाता, बँकेतल्या ‘करंट अकाउंट’मधला ‘करंट’ हा शब्ददेखील लॅटिन भाषेतल्या धावणे या अर्थाच्या ‘कुर्रेरे’ या क्रियापदापासून आलेला आहे. विजेचा करंट, पाठ्यक्रम या अर्थाचा ‘करिक्युलम’ आणि संगणकाच्या पडद्यावरचा ‘कर्सर’ हे त्याचेच भाऊबंद. आपण त्या खात्याला ‘चालू खाते’ म्हटले. म्हणजे इथेही त्यांचे धावले आणि आपले चालले.

मग इतक्या अर्थांतून योग्य तो अर्थ ऐकणारा निवडतो कसा? शब्दाच्या शेजाऱ्यांकडे पाहून. ‘दूध रन आउट झाले’ आणि ‘कर्णधार रन आउट झाला’ या दोन वाक्यांत क्रियापद आणि अव्यय तेच आहे, पण दूध संपू शकते आणि क्रिकेटचा कर्णधार बाद होऊ शकतो, हे आपल्याला ठाऊक असते. जॉन रूपर्ट फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली लिहिले की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण शब्दांना बैलांपेक्षाही अधिक लागू पडते, कारण ‘रन’चे वाण अजिबात बदलत नाही आणि गुण मात्र प्रत्येक शेजाऱ्यागणिक बदलतो.

माणसाला ही निवड करताना कष्ट पडत नाहीत. यंत्राला फार पडले. येहोशुआ बार-हिलेल या अभ्यासकाने १९६० मध्ये यांत्रिक भाषांतराबद्दल शंका व्यक्त करताना एक साधे वाक्य पुढे केले: ‘द बॉक्स वॉज इन द पेन’. ‘पेन’ म्हणजे लेखणी, आणि लहान मुलांना खेळायला ठेवतात ते कठड्याचे घरकुलही. खोका लेखणीत मावत नाही, हे जगाचे ज्ञान यंत्राला कोण देणार, असा त्यांचा सवाल होता. आजची भाषांतराची साधने प्रचंड मजकुरातल्या संगतींवरून शिकतात, म्हणजे एका अर्थी फर्थ यांनी सांगितलेल्या वाटेने जातात, आणि ‘रन’सारख्या शब्दात पूर्वीइतकी फसत नाहीत. विद्यार्थ्यानेही तेच करावे. नुसता ‘रन’ कोशात शोधण्याऐवजी कोण ‘रन’ करतो आहे, कशाला करतो आहे आणि पुढे कोणते अव्यय आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. योग्य नोंद मग लवकर सापडते.

संगतीत देशही येतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, तर ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. आपल्याकडेही उमेदवार निवडणुकीला उभाच राहतो. ‘अमुक नेता धावणार नाही’ अशा अर्थाचा अमेरिकी मथळा वाचून नेत्याच्या गुडघ्यांची चिंता करू नये, इतकेच.

शेवटी मराठीत आलेल्या ‘रन’विषयी, कारण परभाषेतला शब्द येतो तेव्हा आपले सगळे अर्थ सोबत आणत नाही. क्रिकेटमधून ‘रन’ आला आणि त्याबरोबर ‘धाव’, ‘धावसंख्या’, ‘धावचीत’ हे प्रतिशब्दही रूढ झाले. विमानतळावर धावपट्टी आली, आकाशवाणीवर धावते समालोचन आले. बँकेवरचा ‘रन’ मात्र इथे रुजला नाही. आपली वर्तमानपत्रे ‘ठेवीदारांची झुंबड’ असे लिहितात, आणि मला तो शब्द अधिक बोलका वाटतो.

सर्वांत गमतीचे वापर बाजारात सापडतात. स्वयंपाकघराचा ओटा किंवा जिन्याचे रेलिंग करणारा कारागीर ‘रनिंग फुटा’चा भाव सांगतो, तेव्हा तो रुंदी बाजूला ठेवून फक्त सरळ लांबी मोजणार असतो, रस्त्याला आणि कुंपणाला लागू झालेला, नजरेने पुढे जाण्याचा अर्थ इथे मोजमापाला लागला आहे. साडीच्या दुकानात ‘यात रनिंग ब्लाऊज आहे’ असे सांगतात, म्हणजे ब्लाऊजचे कापड वेगळे दिलेले नसून साडीच्याच कापडात पुढे सलग विणलेले आहे. इथे सलगपणा तेवढा उरला आहे. रेल्वेत इंजिनचालक आणि गार्ड हे ‘रनिंग स्टाफ’, आणि फेरी संपल्यावर ते ज्या जागी झोप काढतात तिला ‘रनिंग रूम’ म्हणतात. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा ‘रनिंग कमी आहे, आणि गाडी रनिंग कंडिशनमध्ये आहे’ असे एका दमात सांगतो. त्यातले पहिले ‘रनिंग’ म्हणजे गाडीने आजवर कापलेले किलोमीटर आणि दुसरे म्हणजे ती सुरू होऊन रस्त्यावर चालण्याजोगी असणे. गिऱ्हाईक दोन्ही अर्थ तिथल्या तिथे वेगळे करते आणि मीटरच्या आकड्याकडे वाकून पाहते.